डुक्कर, दाणा आणि हिशेब

वाचकहो, काही विषय असे असतात की ते काढल्याबरोबर माणसे नाक मुरडतात. आजचा विषय त्यांतलाच आहे. डुक्कर! आपल्या भाषेत हा शब्द जनावरापेक्षा शिवी म्हणूनच अधिक चालतो. देवळात वराहावतारापुढे हात जोडणारा गृहस्थ बाहेर आला की गल्लीतल्या डुकराला दगड मारतो, आणि यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. राजे, तह, लढाया, महसूल यांवर तासन्तास बोलायची सवय आहे. पण डुकराचा इतिहास सांगावा, असे माझ्या कधी मनात आले नव्हते. ते सुचवले एका विद्यार्थ्याने.

आमचा वर्ग चाकणचा संग्रामदुर्ग पाहायला गेला होता. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट किल्ला शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला, ते मी मुलांना सांगत होतो. बाहेर कारखान्यांच्या गाड्यांची घरघर चालली होती. पडक्या तटाच्या कडेला चार-पाच काळी डुकरे माती उकरत होती. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, किल्ल्याचा इतिहास असतो, तसा डुकरांचा पण असतो का?" मुले हसली. तो मात्र हसला नाही.

परतताना तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. त्यांच्या घरी डुकरे होती. आजोबांपासून होती. वडील कारखान्यांच्या कँटीनमधले उरलेले अन्न डब्यांत भरून आणायचे आणि त्यावर जनावरे पोसायचे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितले की गावठी काळी डुकरे टाकून द्या, पांढरी विलायती घ्या. तेवढ्याच खाण्यात दुप्पट वजन देतात. वडिलांनी कर्ज काढले आणि सहा पांढरी डुकरे आणली. उन्हाळ्यात दोन मेली. उरलेली हाडे दाखवत उभी राहिली. "आमची काळी मात्र तशीच होती, सर. तेच खात होती आणि बरी होती. मग पांढरी जात चांगली, असं पुस्तकात का लिहितात? पुस्तक खोटं आहे, का आमचे बाबा चुकले?"

मला उत्तर देता आले नाही. 'बघून सांगतो' म्हणालो. शिक्षक मंडळींना या दोन शब्दांचे वजन माहीत आहे. पुढे मी खरोखरच बघितले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

प्रथम हिशेब नीट समजून घेऊ, म्हणजे इतिहास समजेल. जनावराने किती किलो खुराक खाल्ला म्हणजे त्याचे एक किलो वजन वाढते, हा तो हिशेब. चार किलो खाऊन एक किलो वाढले तर चारास एक. तीन किलो खाऊन वाढले तर तीनास एक. आकडा जितका लहान तितके जनावर काटकसरी. आपल्याकडील गावठी डुकराला बांधून, मोजून दाणा घातला तर एक किलो वाढीसाठी साधारण पाच-सहा किलो लागतात. विलायती पांढऱ्या डुकराला आपल्याकडील चांगल्या व्यवस्थेत तीन ते साडेतीन किलो पुरतात. दोहोंच्या संकराचा आकडा मध्ये, चाराच्या आसपास बसतो. पुस्तकात लिहिलेले ते हेच, आणि ते खोटे नाही.

पण असे का व्हावे? पोट तेच, दाणा तोच. याची कारणे दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या घरातल्या उदाहरणाने कळतील. दुकान उघडले की गिऱ्हाईक येवो न येवो, भाडे आणि दिवाबत्तीचा खर्च चालूच राहतो. जनावराचेही तसेच. श्वास घेणे, अंग ऊबदार ठेवणे, उठणे-बसणे यासाठी रोजचा खुराक लागतो; तो वाढीत जमा होत नाही. वीस किलोपासून साठ किलोपर्यंत डुक्कर वाढवायचे आहे, असे समजा. रोज २०० ग्रॅम वाढणाऱ्या जनावराला ४० किलो वाढायला २०० दिवस लागतील. रोज ५०० ग्रॅम वाढणाऱ्याला ८० दिवस पुरतील. फरक १२० दिवसांचा. नुसते जिवंत राहायला रोज अर्धा किलो दाणा धरला, तरी सावकाश वाढणाऱ्याने ६० किलो दाणा जास्त खाल्ला, आणि त्याचे मांस एक तोळाही झाले नाही.

दुसरे कारण चरबीचे. मांसात पाण्याचा अंश पुष्कळ असतो, चरबीत फार थोडा. म्हणून एक किलो चरबी अंगावर चढवायला एक किलो मांसापेक्षा बराच अधिक खुराक खर्ची पडतो. जे डुक्कर लवकर चरबीकडे वळते ते दाण्याची उधळपट्टी करते. भरभर वाढणारे आणि लांब अंगाचे, कमी चरबीचे जनावर तेवढ्याच दाण्यात जास्त देते. जातीजातींतला फरक मुख्यतः या दोन गोष्टींत आहे. त्यात जादू काही नाही.

आता हा फरक आला कोठून? माणसाने रानडुक्कर माणसाळवले त्याला नऊ-दहा हजार वर्षे झाली. हे काम एकाच ठिकाणी झाले नाही. आजच्या तुर्कस्तानाच्या प्रदेशात ते झाले, आणि तिकडे चीनमध्ये वेगळे झाले. युरोपातले डुक्कर रानात ओकची फळे खात हिंडायचे. पायाने लांब, पाठीने कमानदार, वाढीला मंद. चीनमध्ये जमीन थोडी आणि माणसे फार, म्हणून तिथले डुक्कर दाराशी बांधून कोंडा-भाजी घालून पोसलेले. अंगाने बुटके, लवकर वयात येणारे, एका वेतात पुष्कळ पिल्ले देणारे, पण चरबीला भारी. अठराव्या शतकात जहाजांतून ही चिनी डुकरे इंग्लंडात उतरली आणि तिथल्या डुकरांशी त्यांचा संकर झाला. आज ज्यांना आपण शुद्ध विलायती म्हणतो, त्या पांढऱ्या यॉर्कशायरच्या रक्तात आशियातली डुकरे मिसळलेली आहेत. अलीकडच्या आनुवंशिक तपासण्यांनीही ते दाखवले आहे. थोडक्यात, शुद्ध म्हणून ज्याची शेखी मिरवावी, तेच मुळात संकरित निघाले! इतिहासात असे वारंवार घडते.

हे यॉर्कशायर नावारूपाला आले तेही मोठ्या जमीनदारांच्या वाड्यात नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेला कीघली नावाचे गिरण्यांचे गाव आहे. तेथला जोसेफ ट्यूली हा विणकर होता. त्याने घराशेजारी पाळलेली मोठी पांढरी डुकरे १८५१ साली विंडसरच्या राजेशाही प्रदर्शनात नेली आणि पाहणारे थक्क झाले. गिरणीत राबणारा माणूस परसात डुक्कर पोसतो, चांगले पिल्लू निवडून ठेवतो, शेजाऱ्याशी पैज लावतो. असा या जातीचा जन्म. पुढे १८६८ साली 'लार्ज व्हाइट' म्हणजे मोठे पांढरे यॉर्कशायर या नावाने तिला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या चाळींतून कामगार राहतात. म्हणून ही गोष्ट मला आपल्यापासून फार लांबची वाटत नाही.

तरीही इंग्लंडात डुकराची परीक्षा डोळ्यांनी होत असे. कोणाचे डुक्कर थोराड, कोणाचे देखणे, एवढेच. खाल्ले किती, हे कोणी विचारत नसे. तो प्रश्न विचारला डेन्मार्कने, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा अध्याय तोच आहे.

डेन्मार्क हा लहानसा देश. आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या भागाइतकासुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून स्वस्त गहू आला आणि तेथल्या धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. त्यांनी धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालून लोणी आणि मांस विकायचे ठरवले. १८८२ साली येडिंग गावी त्यांची पहिली सहकारी डेअरी निघाली. लोणी काढल्यावर जे दूध उरते ते डुकरांना जाऊ लागले. तोच १८८७ मध्ये जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले. दुसरे गिऱ्हाईक इंग्लंड. पण त्याला जिवंत डुक्कर नको, कमी चरबीचे बेकन हवे. त्याच वर्षी होर्सेन्स येथे शेतकऱ्यांनी आपला पहिला सहकारी बेकन कारखाना काढला.

याच काळात तिथे एक गृहस्थ होते, निल्स योहान्स फ्योर्ड. मूळचे शिक्षक, पुढे शेतकी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक. त्यांनी गावोगावच्या गोठ्यांत जाऊन मोजमाप केले. डुकरांचे गट पाडायचे, एकाला दाणा, दुसऱ्याला लोणी काढलेले दूध, तिसऱ्याला निवळी असे घालायचे आणि वजने घ्यायची. त्यांनी दाखवून दिले की एक पौंड दाण्याचे काम सहा पौंड लोणी काढलेले दूध करते, किंवा बारा पौंड निवळी करते. झाले! आता कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या घरातल्या वस्तूचे मोल दाण्यात सांगता येऊ लागले. यातूनच पुढे एक किलो जव म्हणजे एक 'खाद्य एकक' असे माप रूढ झाले. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. क्रांती नेहमी तलवारीनेच होते असे नाही. कधी ती तागडीने होते.

१८९६ पासून डेन्मार्कमध्ये निवडक पैदास केंद्रे स्थापन झाली, आणि १९०७ मध्ये चाचणी केंद्रे सुरू झाली. पद्धत अशी की, एका वेतातली चार पिल्ले, दोन नर खच्ची केलेले आणि दोन माद्या, केंद्रात आणायची. सगळ्यांना एकच खुराक, एकच निवारा. वीस किलोंपासून नव्वद किलोंपर्यंत प्रत्येक किलोला किती दाणा लागला ते लिहायचे. मग कत्तलीनंतर अंगाची लांबी आणि पाठीवरची चरबी मोजायची. निकाल छापून सर्वांना वाटायचा. ज्या आई-बापांची पिल्ले काटकसरी निघतील त्यांची संतती ठेवायची, बाकीची नाही. यात कोणाचा वशिला नाही, कोणाचे घराणे नाही. अशा रीतीने 'लँडरेस' ही तिथली जात घडत गेली. सुरुवातीला साडेतीन-पावणेचार एककांच्या घरात असलेला आकडा अर्धशतकात तीनाच्या आसपास आला. आजच्या उत्तम कळपांत तो अडीचच्याही जवळ गेला आहे. डेन्मार्कने हे धन इतके जपले की पुष्कळ वर्षे लँडरेसची पैदाशीची जनावरे देशाबाहेर जाऊ दिली नाहीत. १९३४ साली अमेरिकेला काही मिळाली, ती संशोधनासाठी आणि अटी घालून.

आता संकराविषयी दोन शब्द. आपल्याकडे 'संकरित' म्हटले की सर्वच गुण वाढणार, अशी समजूत आहे. बी-बियाण्यांमुळे ती झाली. डुकराच्या बाबतीत तपासणी वेगळे सांगते. दोन जातींचा संकर केला की पिल्ले अधिक जगतात, माद्या अधिक पिल्ले वाढवतात, रोगाला जरा जास्त टिकतात. हा जो संकराचा जोम, तो वेतात आणि जगण्यात दिसतो. दाण्याच्या काटकसरीत मात्र तो अगदी थोडा. काटकसर मिळते ती मुख्यतः आई-बापांकडून, निवडीने. म्हणजे उधळ्या बापाची आणि उधळ्या आईची पिल्ले संकरित म्हणून काटकसरी होत नाहीत. म्हणूनच आज जगात बहुतेक ठिकाणी मादी लँडरेस आणि यॉर्कशायर यांच्या संकराची ठेवतात, कारण ती आई चांगली असते. आणि तिला नर तिसऱ्याच जातीचा, बहुधा अमेरिकेतला तांबडा ड्यूरॉक, दाखवतात. तीन घराण्यांचे तीन गुण एका पिल्लात आणायचा हा खटाटोप आहे.

आपल्या देशात हा प्रयत्न कधी सुरू झाला? स्वातंत्र्यानंतर, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपासून शासनाने वराहसुधारणेची आखणी केली. अलिगड, हरिणघाटा, गन्नावरम आणि आपल्या मुंबईजवळ बोरिवली येथे बेकन कारखाने आणि त्यांच्या जोडीला पैदास केंद्रे, अशी ती योजना. यॉर्कशायर नर द्यायचे, गावठी माद्यांची संतती सुधारायची. १९७०-७१ पासून अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि देशी, विलायती व संकरित यांच्या शास्त्रीय तुलना होऊ लागल्या. त्यातून आणि कृषी विद्यापीठांतून काही चांगली फळे निघाली. रांचीला टॅमवर्थ आणि देशी यांचा संकर झाला. गुवाहाटीच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हँपशायर आणि बंगालची घुंगरू यांच्यापासून 'राणी' तयार केली. या संशोधकांनी एक शहाणपण दाखवले. त्यांनी शंभर टक्के विलायतीचा हट्ट धरला नाही. निम्मे विलायती, निम्मे देशी, कोठे पाऊण-पाव. शेतकऱ्याच्या अंगणात टिकेल तेवढेच विलायती रक्त.

मराठी माणसाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात मिळेल. तिथे डुक्कर हा घरच्या अन्नाचा भाग. चोरिसाची माळ, माडाच्या सुरेचा व्हिनेगार, सणावारी डुकराचे मांस, ही तिथल्या ख्रिस्ती घरांची जुनी रीत. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावावरून ओळखले जाणारे 'आगोंद गोवन' हे लहान चणीचे काळे डुक्कर आज देशातल्या नोंदणीकृत जातींपैकी एक आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. तिथे या काळ्या डुकराचा पांढऱ्या यॉर्कशायरशी संकर करून ते काम शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात आले. या कामातली मला आवडलेली गोष्ट अशी की, संकर करताना मूळ जात जपून ठेवायची, हेही तितकेच महत्त्वाचे मानले गेले. दोर कापून टाकला तर विहिरीत पुन्हा उतरणार कसे?

आपण म्हणाल, हे सर्व ठीक. पण त्या मुलाच्या वडिलांचे काय चुकले? आता तिकडेच येतो.

डेन्मार्कच्या केंद्रात जो आकडा निघाला तो कशावर निघाला? पूर्ण खुराकावर. मोजलेला जव, दूध, क्षार, स्वच्छ पाणी, थंड हवा. पांढरे डुक्कर तीन किलोत एक किलो देते, ते या खुराकावर देते. त्या माणसाने मात्र त्याच डुकरापुढे काय ठेवले? कँटीनचे खरकटे. भात, पोळीचे तुकडे, पातळ आमटी, भाजीची देठे. अशा दहा किलो खरकट्यात सात-आठ किलो पाणीच असते. उरते ते दोन-तीन किलो, आणि त्यातही पिठूळ भाग फार, प्रथिने थोडी. झपाट्याने वाढण्यासाठी घडवलेल्या जनावराला प्रथिने मिळाली नाहीत की त्याची वाढ खुंटते, कारण मांस त्याच्यापासूनच बनते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय डुकराला माणसासारखा घाम येत नाही, आणि पांढऱ्या कातडीला ऊन पोळते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ते जनावर धापा टाकत खाणे सोडून देते. काळे गावठी डुक्कर कमी मागते, चोथा पचवते, ऊन सोसते. ते वाढत नाही फार. पण मोडतही नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकातल्या आकड्यात दिसत नाही. उदाहरणादाखल खाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरा. तीनास एक या जनावराच्या एक किलो वाढीला ९० रुपये लागले. सहास एक या जनावराला १८० लागायला हवेत. पण ते जर फुकटच्या उकिरड्यावर वाढत असेल, तर खर्च शून्य! मग काटकसरी कोण? ज्याच्या कोठारात दाणा आहे त्याच्यासाठी पांढरे, ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी काळे. शेकडो वर्षे वडार, कैकाडी अशा समाजांतल्या कुटुंबांनी काळे डुक्कर सांभाळले ते अडाणीपणाने नव्हे. ज्यांना शेत नव्हते, धान्याचे कणगे नव्हते, आणि त्यांपैकी काहींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्यांनी गावाने फेकलेल्या वस्तूतून चार पैसे उभे करणारे जनावर निवडले. तो कलंक कायद्याने पुसला गेला १९५२ साली, ३१ ऑगस्टला. समाजाच्या मनातून तो पुसायला अजून किती साल लागतील, हे आपण आपले आपल्यालाच विचारावे.

उकिरड्याचा हा हिशेब फुकट आहे असेही समजू नका. उघड्यावर हिंडणारे डुक्कर माणसाची विष्ठा खाते, त्यातून पट्टकृमी त्याच्या अंगात जातो. त्या कृमीची अंडी घाणेरड्या हातांतून वा भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते. मांस न खाणाऱ्यालाही ते होऊ शकते. तेव्हा डुक्कर बांधून पाळणे आणि संडास वापरणे, हे एकाच औषधाचे दोन घोट आहेत.

इथे आमच्या पिंपरीची आठवण निघणे साहजिक आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात माणसांसाठी पेनिसिलिन तयार होऊ लागले. या भागाच्या औद्योगिक इतिहासाचे ते पहिले पान म्हणता येईल. त्याच सुमारास, १९४९-५० मध्ये, अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टाड या दोघा शास्त्रज्ञांना आढळले की, ऑरिओमायसिन काढल्यावर उरलेला चोथा कोंबडीच्या पिल्लांना घातला तर ती अधिक वाढतात. डुकरांतही तेच दिसले. मग काय, रोग नसतानाही औषधाची चिमूट दाण्यात मिसळायची चाल जगभर पडली. जातीने जे द्यायला पिढ्या लागतात ते पुडीतून मिळू लागले! पण किंमत पुढे कळली. जंतू औषधाला सरावले, आणि माणसाच्या आजारात तेच औषध लागू पडेना. स्वीडनने १९८६ मध्ये ही चाल बंद केली, डेन्मार्कने १९९० नंतरच्या दशकाअखेर, आणि युरोपीय संघाने २००६ पासून सर्वत्र. आपल्या देशात २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर बंदी आली. तात्पर्य, हिशेबाचा आकडा सुधारण्याच्या नादात हिशेबाबाहेरचे नुकसान पाहायचे राहून गेले.

मग करायचे काय? मी पशुवैद्य नाही. पण जे वाचले, पाहिले आणि जाणकारांकडून समजून घेतले, त्यावरून चार गोष्टी सांगता येतील. ज्याच्यापाशी खरकट्याचाच आधार आहे त्याने शुद्ध विलायतीच्या मागे लागू नये. निम्म्या संकराचे पिल्लू घ्यावे. खरकटे नेहमी उकळून घालावे. २०२० मध्ये ईशान्य भारतात आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि डुकरांचे कळपच्या कळप गेले. तो रोग न उकळलेल्या उष्ट्यातूनही पसरतो. माणसाला तो होत नाही, पण पाळणाऱ्याचे घर बसते. उकळलेल्या खरकट्यात शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, डाळीची चुणी आणि क्षार घालावेत, म्हणजे प्रथिनांची तूट भरून निघेल. सावली आणि अंगावर घ्यायला पाणी हवे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, तागडी घ्यावी. पंधरा दिवसांनी वजन, रोजचा खुराक, दोन्ही वहीत लिहावे. दुसऱ्याच्या पुस्तकातला आकडा कर्ज काढायला पुरेसा नसतो; आपल्या अंगणातला लागतो.

संकरित गाईच्या बाबतीत आपण हेच शिकलो आहोत. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी जी संस्था उभी केली, तिच्या प्रयत्नांतून संकरित गाय खेडोपाडी पोहोचली. जिथे हिरवा चारा, पाणी आणि दवाखाना होता तिथे तिने घर वर काढले. जिथे नुसती गाय गेली आणि बाकीचे मागे राहिले, तिथे ती ओझे झाली. जनावर एकटे येत नाही. त्याच्यामागून त्याचा खुराक, त्याचा निवारा आणि त्याची बाजारपेठ यावी लागते.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. गणिताच्या तासाला नळ आणि हौदाची उदाहरणे आपण पुष्कळ घातली. एखादे उदाहरण दाण्याचे आणि वजनाचे घाला. शेळी घ्या, कोंबडी घ्या, आणि वर्गात ज्याच्या घरी डुक्कर असेल त्याचे डुक्करही घ्या. त्या मुलाला फळ्यापुढे बोलवा आणि त्याच्या घरचे आकडे त्यालाच लिहू द्या. वर्ग हसणार नाही एवढे मात्र आधी पाहा.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे उत्तर दिले. म्हणालो, "पुस्तक खोटं नाही, आणि तुझे बाबाही चुकले नाहीत. पुस्तकाने खुराक गृहीत धरला आणि तो कोणी तुझ्या बाबांना सांगितला नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, जात चांगली का वाईट, असं नुसतं विचारायचंच नसतं. काय खायला मिळालं, ते आधी विचारायचं."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण इतके थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते. त्यांच्या घरी आता दोन संकरित माद्या आहेत आणि एक वही आहे. वहीतले अक्षर त्या मुलाचे आहे. कर्ज अजून फिटायचे आहे. पण दर पंधरवड्याला एक आकडा लिहिला जातो, आणि तो खरा असतो.